सरकारजमा अंगठा

आमच्या कारखान्यात एकच वस्तू बनते. वायसर. बत्तीस मिलिमीटरची, काळ्या रबराची, मधे भोक असलेली चकती. दोन लोखंडी तोंडं जिथे एकमेकांना भिडतात तिथे ती बसते आणि आतलं तेल बाहेर येऊ देत नाही. नेमून दिलेलं काम इतक्या इमानानं करणारी दुसरी वस्तू मी सरकारी कामात पाहिलेली नाही. सरकारी कागदावर मात्र तिला वायसर म्हणत नाहीत. तिथे ती ‘द्रवगळती-प्रतिबंधक वलयाकृती घटक’ असते, आणि एवढ्या नावाची शाई भरून निघावी म्हणून तिचा भाव चौपट असतो.

कारखान्यात माणसं नऊ, प्रेस दोन, भट्टी एक. मी मालक आहे, म्हणजे पगार सगळ्यांच्या शेवटी घेतो. कागदपत्रं माझी मोठी बहीण बघते. तिला सगळेच ताई म्हणतात. आणि माल पास करतात आमचे मिस्त्री.

मिस्त्रींची पद्धत साधी आहे. भट्टीतून निघालेली वायसर गार झाली की ती डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या अंगठ्याचं नख तिच्यात रुतवायचं, सोडायचं आणि मोजायचं. एक, दोन, तीन. तीन म्हणायच्या आत नखाचा वळ गेला तर रबर चांगलं. राहिला तर भट्टी कच्ची. एकतीस वर्षांत मिस्त्रींनी पास केलेली एकही वायसर परत आलेली नाही. त्या अंगठ्यावर नऊ घरांच्या चुली पेटतात, हे मी कारखान्यात वारंवार बोलून दाखवत असे. बोलायला नको होतं. भिंतींना कान असतात, आणि आमच्या भिंतींवर तर खात्याची परिपत्रकं चिकटवलेली होती.

त्या वर्षी सरकारनं संरक्षणावर पैसा ओतायचं ठरवलं. तोफेच्या मागच्या नळकांड्यात बत्तीसची वायसर लागते, म्हणून चाळीस हजार नगांची मागणी आमच्याकडे आली. सोबत अठ्ठावीस पानी फॉर्म. त्याच्या एकविसाव्या पानावर रकाना होता: ‘चाचणीसाठी वापरण्यात येणाऱ्या उपकरणाचे नाव’. खाली ठळक अक्षरात: ‘रकाना रिकामा ठेवू नये. खोटी माहिती दिल्यास परवाना रद्द.’

आमची ताई आयुष्यात एकदाही खोटं बोललेली नाही. त्यामुळे तिचं आणि आमचं फार नुकसान झालेलं आहे. तिनं लिहिलं: ‘अंगठा (उजवा), नग एक.’

“ताई, अगं हे काय लिहिलंस?”

“जे आहे ते. तुझ्याकडे दुसरं उपकरण आहे का? दाखव, ते लिहिते.”

मिस्त्री वाकून फॉर्म बघत होते. “ताई, पण तो माझा अंगठा आहे.”

“मिस्त्री, तो तुमचाच आहे. फक्त मालकी कोणाची ते पुढच्या रकान्यात विचारलंय. तिथे दोनच पर्याय आहेत, कारखाना किंवा भाड्यानं. भाडं लावू का?”

“राहू द्या. कारखान्याचाच लिहा.” मिस्त्री हसत म्हणाले. सगळेच हसले. त्या हसण्याची भरपाई पुढं दोन वर्षं करावी लागली.

आठ दिवसांत संरक्षण खात्याचे साहेब आले. त्यांचे कागद हिरवे, पेन हिरवं, गाडीही हिरवी. म्हणून आम्ही त्यांना हिरवे साहेब म्हणू लागलो. माणूस वाईट नव्हता. अंगठा हा अंगठा आहे हे त्यांना दिसत होतं. पण दिसतं त्यावर सही करायची त्यांना परवानगी नव्हती. त्यांना कागदावर सही करायची होती, आणि कागदावर ते उपकरण होतं.

“उपकरणाचं अंशांकन झालंय का?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे ते बरोबर मोजतं की नाही, हे सरकारी प्रयोगशाळेनं तपासून दिलंय का?”

अंगठा प्रयोगशाळेत गेला. तिथे तो चोवीस तास तेवीस अंश तापमानात ठेवला, त्याचं नख तीन वेळा मोजलं, त्यानं दाबलेल्या वायसरचे वळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याला प्रमाणपत्र दिलं. त्यावर लिहिलं होतं: ‘उपकरण क्रमांक सात. स्थिती उत्तम. सोबत वेष्टन: इसम, एक.’

“वेष्टन म्हणजे मी?” मिस्त्रींनी विचारलं.

“त्यांच्याकडे उपकरण आणि वेष्टन असे दोनच रकाने आहेत,” ताई म्हणाली. “उपकरण तर अंगठा. उरलं ते सगळं तुम्ही.”

मिस्त्रींनी प्रमाणपत्र उलटून पाहिलं. “बरं झालं. निदान फेकून देऊ नये असं लिहिलंय ना कुठं?”

ताईनं पाहिलं. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग मालमत्तेचे नियम लागू झाले. उपकरणाचा खाजगी वापर करू नये. उपकरणास दरमहा तेल द्यावे. त्यासाठी खात्याकडून एक बुधली मंजूर. कार्यालयीन वेळेनंतर उपकरण कुलूपबंद कपाटात ठेवावे. हा शेवटचा नियम वाचून मी कपाळाला हात लावला, पण ताईनं नियमावली शेवटपर्यंत वाचून काढली. कपाट किती मोठं असावं हे कुठंच दिलेलं नव्हतं. आम्ही पत्र्याची काडेपेटीएवढी डबी केली, तिला एका बाजूनं भोक, दुसऱ्या बाजूनं छोटं कुलूप. संध्याकाळी पाच वाजता मी कुलूप लावायचो आणि मिस्त्री अंगठ्यावर कपाट घेऊन घरी जायचे.

चौथ्या दिवशी, पाचचं कुलूप लागल्यावर, काकू, म्हणजे मिस्त्रींच्या घरच्या, कारखान्यात आल्या. हातात पिशवी होती आणि पिशवीत बहुधा मला मारायला काहीतरी असावं.

“मालक, हे काय चाललंय? घरी हा माणूस कांदा चिरत नाही. डब्याचं झाकण उघडत नाही. काही सांगितलं की ती डबी वर करून दाखवतो आणि म्हणतो, सरकारी आहे, खाजगी वापर बंद!”

“काकू, नियमच तसा आहे.”

“एकतीस वर्षांत यांनी कांदा कधी चिरला होता म्हणून आता नियम आडवा आला? पण निदान आधी कारण शोधावं लागायचं. आता परिपत्रक काढून दाखवतात!”

मिस्त्री प्रेसच्या मागं उभे राहून इतके हसत होते की डबीचं कुलूप खुळखुळत होतं. खरं सांगायचं तर ते वर्ष मजेत गेलं. आळीतली माणसं संरक्षणाचा अंगठा बघायला यायची. एकानं तर त्यांना सलामही ठोकला. चाळीस हजारांपैकी अठरा हजार वायसर बनल्या, दाबल्या गेल्या, पास झाल्या.

आणि मग अंदाजपत्रक आलं.

मंत्र्यांनी भाषणात सांगितलं की शत्रू आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, चंद्र मात्र पूर्वीपेक्षा जवळ आला आहे. टाळ्या पडल्या. पैसा संरक्षणातून उठला आणि अंतराळात गेला. उरलेल्या बावीस हजार वायसरची मागणी रद्द झाली. कारण असं दिलं होतं: ‘धोका कमी झाल्याने गळती चालेल.’

मी बातमी कारखान्यात सांगितली तेव्हा दोन्ही प्रेस थांबल्या. नऊ माणसं माझ्याकडे बघत होती. मालक होण्यात सगळ्यात वाईट भाग कुठला, तर हाच.

पण दहाच दिवसांत अंतराळ खात्याचं पत्र आलं. त्यांना अग्निबाणाच्या इंधननळीसाठी वायसर हव्या होत्या. बत्तीसच्या. काळ्या रबराच्या. नग बावीस हजार. ताईनं दोन्ही खात्यांचे नकाशे एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेघेला रेघ जुळत होती. एका कोपऱ्यात पूर्वीच्या खात्याचं नाव खोडून त्यावर चंद्रकोर काढली होती, एवढाच फरक.

“जमलं!” मी म्हणालो. “कच्चा माल पडलाय, साचा तोच. उद्या प्रेस सुरू.”

“आणि दाबणार कोण?” ताईनं विचारलं.

“मिस्त्री.”

“मिस्त्री दाबतील रे. पण अंगठा संरक्षणाचा आहे.”

दोन्ही खात्यांची कचेरी एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एकाच बोळात आहे. डावीकडे संरक्षण, उजवीकडे अंतराळ, मधे पिण्याच्या पाण्याची टाकी. तिचा नळ गळतो. त्याखाली बादली ठेवलेली आहे, आणि ती कुठल्या खात्यानं रिकामी करायची यावर पत्रव्यवहार चालू आहे. मी, ताई आणि मिस्त्री आधी उजवीकडे गेलो. अंतराळाच्या साहेबांची खुर्ची नवी होती, अजून प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. भिंती पांढऱ्या, कागद पांढरे, सदरा पांढरा. हे पांढरे साहेब.

“तुमचा माल आम्हाला हवाय,” ते म्हणाले. “पण हा अंगठा लष्करी आहे. आमचा कार्यक्रम शांततेचा आहे. शांततेच्या वायसरला लष्करी अंगठा लागला तर जगात काय तोंड दाखवायचं?”

“साहेब, अंगठ्यानं कुणाला मारलेलं नाही,” मिस्त्री म्हणाले.

पांढऱ्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “वेष्टन बोलतं का?”

“कधी कधी,” मी म्हणालो.

“असो. तुम्ही संरक्षणाकडून ना हरकत आणा. आम्ही उपकरण ताब्यात घेतो.”

आम्ही बादली ओलांडून डावीकडे गेलो. हिरव्या साहेबांच्या खोलीत निम्मे दिवे बंद होते आणि पंखा फिरत होता की थांबत होता ते कळत नव्हतं.

“अंगठा देऊ?” ते म्हणाले. त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. “पैसा गेला, माणसं गेली, नवे पडदे मंजूर झाले होते तेही त्यांनी त्या दारावर लावले. आता माझ्याकडे चालू स्थितीतलं असं हे एकच उपकरण उरलंय. तेही देऊन टाकलं तर पुढच्या वर्षी मी कशाच्या जोरावर पैसे मागू?”

“पण साहेब, तुमच्याकडे दाबायला काही कामच नाही.”

“काम नसताना उपकरण सज्ज ठेवणं, यालाच संरक्षण म्हणतात.” मग थोडे नरमले. “हवं तर बाकीची चार बोटं घेऊन जा. त्यांच्यावर माझा काही हक्क नाही.”

ना हरकत मिळायला पाच महिने लागले. पाच महिने दोन्ही प्रेस बंद. आमची माणसं सकाळी यायची, यंत्रं पुसायची, बसायची, पुन्हा पुसायची. भट्टीवाला मला विचारायचा, “मालक, दुसरीकडे बघू का काम?” आणि मी म्हणायचो, “आठ दिवस थांब.” असे आठ दिवस मी त्याला वीस वेळा थांबवला. पगारासाठी मी स्कूटर विकली. ताईनं काय विकलं ते तिनं सांगितलं नाही, पण तिच्या हातातल्या बांगड्या दिसेनाशा झाल्या. मिस्त्री तर चोरून दाबायला तयार होते. “मी मागच्या खोलीत बसून दाबतो, कोण बघतंय?” पण परवाना गेला तर सगळंच गेलं असतं. जगातला चांगल्यातला चांगला अंगठा आमच्या कारखान्यात होता, आणि तो डबीत होता.

शेवटी पंचनामा झाला. दोन्ही साहेब समोरासमोर बसले. मिस्त्रींचा हात टेबलावर. हिरव्या साहेबांनी डबीवरचं आपलं सील तोडलं, अंगठ्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि तो टेबलावरून दोन वीत उजवीकडे सरकवला. त्याबरोबर मिस्त्रीही सरकले. पांढऱ्या साहेबांनी त्यावर पांढरं सील लावलं. पत्र्याची डबी काढून घेतली आणि काचेची दिली, कारण अंतराळाच्या उपकरणावर धूळ बसता कामा नये.

काकूंना काचेची डबी आवडली. “निदान दिसतं तरी आत काय आहे ते,” त्या म्हणाल्या.

प्रेस सुरू झाल्या. भट्टीवाला गाणं म्हणू लागला. तीन आठवड्यांत सात हजार वायसर अंतराळासाठी पास झाल्या. मग एके दुपारी शेजारच्या देशानं नवी तोफ घेतल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी कळलं की तोफ जुनीच होती, फक्त रंगवून घेतली होती. पण तोवर आपल्याकडे भाषणं होऊन गेली होती. भाषण परत घेता येत नाही, पैसा घेता येतो. तो अंतराळातून उठला आणि संरक्षणात गेला. उरलेल्या पंधरा हजार वायसर अंतराळानं रद्द केल्या, संरक्षणानं मागवल्या. आणि अंगठा अंतराळाकडे राहिला.

आम्ही पुन्हा त्या बोळात गेलो. आता डावीकडे दिवे लखलखत होते, पडदे परत आले होते. उजवीकडे पांढरे साहेब अंधारात बसले होते आणि खुर्चीवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

“अंगठा देऊ?” ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

हे संभाषण मी पुन्हा लिहीत नाही. फक्त ‘हिरवे’ खोडून ‘पांढरे’ लिहायचं आणि नकाशाच्या कोपऱ्यातली चंद्रकोर खोडायची. या वेळी मात्र पाच महिने थांबायला आमच्याकडे विकण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ताईनं थेट वर अर्ज केला. वर एक संयुक्त समिती असते. तिनं दोन बैठका घेऊन न्याय दिला: सोमवार ते बुधवार अंगठा संरक्षणाचा, गुरुवार ते शनिवार अंतराळाचा. दर बुधवारी पाच वाजता पंचनामा. रविवारबद्दल समितीत एकमत झालं नाही, त्यामुळे रविवारी अंगठा बेवारस.

“मग रविवारी कांदा चिरायला हरकत नाही,” काकू लगेच म्हणाल्या.

“बेवारस वस्तूला हात लावू नये, पोलिसांना कळवावं,” मिस्त्री म्हणाले. काकूंनी पोलिसांना कळवायची वाट पाहिली नाही. त्या रविवारी मिस्त्रींच्या घरी पावकिलो कांदा चिरला गेला.

असं दोन-तीन महिने बरं चाललं होतं. मग हिशेब तपासनीस आले. त्यांच्या लक्षात आलं की एकच अंगठा दोन खात्यांच्या यादीत आहे. ही उधळपट्टी होती. शिवाय एकतीस वर्षं वापरलेलं उपकरण जुनाट ठरत होतं, कारण उपकरणाचं आयुष्य नियमानुसार दहा वर्षं. त्यांनी शिफारस केली की दोन्ही खात्यांनी मिळून परदेशातून चाचणीचं आधुनिक यंत्र आणावं. दोन्ही साहेबांना हे एकदम पटलं. पैसा डावीकडे की उजवीकडे यावरून ते वर्षभर भांडत होते. पैसा परदेशात जाणार म्हटल्यावर दोघांत वाद उरला नाही.

यंत्र आलं. कपाटाएवढं, खोक्यात पेंढा भरलेलं. त्याला एक लोखंडी हात होता. हाताच्या टोकाला रबरी अंगठा. तो वायसर दाबायचा, सोडायचा, आणि आतून एक बाई परक्या भाषेत तीन आकडे मोजायची.

मिस्त्री बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. “नख बरोबर केलंय,” ते म्हणाले. आम्हाला वाटलं त्यांना वाईट वाटेल. पण ते खूश होते. “चला, सुटलो. आता हा सरकारी आणि माझा माझा.”

ताईचं यंत्राकडे लक्ष नव्हतं. तिनं यंत्रासोबतचं पत्र वाचलेलं होतं.

“काय झालं?” मी विचारलं.

तिनं पत्र माझ्याकडे दिलं. ‘नवीन उपकरण प्राप्त झाल्याने उपकरण क्रमांक सात निर्लेखित (यादीतून कमी) करण्यात येत आहे. निर्लेखित उपकरणाचा गैरवापर टाळण्यासाठी ते तीन दिवसांच्या आत दोन्ही खात्यांच्या प्रतिनिधींसमक्ष नष्ट करावे. वेष्टन ठेकेदारास परत करावे.’

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदाच ते हसले नाहीत.

मी धावत त्या बोळात गेलो. “साहेब, हा माणसाचा अंगठा आहे!”

“आम्हाला काय दिसत नाही का?” हिरवे साहेब कळवळून म्हणाले. “पण तीन वर्षांपूर्वी एक मोटार नष्ट केली नाही म्हणून माझ्या आधीचे साहेब घरी बसलेत. मी काय करू ते तुम्हीच सांगा.”

“उपकरण हरवलं असं लिहा.”

“हरवलं तर चौकशी लागते. तुमचा कारखाना सील होतो. नष्ट झालं तर काहीच लागत नाही, तीन सह्यांत मोकळे.” पांढरे साहेब दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, “भूल देऊ हवी तर. आमच्या खात्यात त्यासाठी तरतूद आहे.”

मी परत आलो आणि कारखान्यात सगळं सांगितलं. मी म्हणालो, आपण परवाना सोडू. कारखाना बंद करू. नऊ चुली एका अंगठ्यापेक्षा मोठ्या नाहीत. हे मी मनापासून बोललो, पण बोलताना नऊ जणांकडे बघायचं टाळलं.

काकू डबा द्यायला आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी खाली ठेवली.

“मालक, तुम्ही इथे काय बनवता?”

“वायसर.”

“कशाच्या?”

“रबराच्या.”

“आणि त्या नव्या यंत्राला अंगठा कशाचा आहे?”

भट्टीवाल्यानं उठून भट्टी पेटवली.

साचा मिस्त्रींनी स्वतः केला. स्वतःचा अंगठा ओल्या मातीत दाबून. नखाजवळची जुनी भाजल्याची खूणसुद्धा उतरली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रबरी अंगठा तयार झाला. मिस्त्रींनी तो तळहातावर घेतला, खऱ्या अंगठ्याचं नख त्यात रुतवलं, सोडलं. एक, दोन, तीन. “पास,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे पुन्हा हसायला लागले.

तिसऱ्या दिवशी दोन्ही साहेब आले. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर ताटलीत अंगठा. शेजारी मिस्त्री दोन्ही हात समोर ठेवून उभे, दहा बोटं मोजता येतील असे. हिरव्या साहेबांनी ताटलीत पाहिलं. मग प्रमाणपत्रात. मग पुन्हा ताटलीत.

“नखाजवळ भाजल्याची खूण?”

“आहे,” पांढरे साहेब वाकून म्हणाले.

“क्रमांक?”

ताईनं देठाशी कोरलेला सात दाखवला.

“मग तंतोतंत जुळतं. वेष्टन जरा बाजूला घ्या हो, उजेड अडतोय.”

मिस्त्री बाजूला झाले.

नष्ट करण्याची पद्धत परिपत्रकात दिली होती: हातोड्याचा घाव, एक. हिरव्या साहेबांनी हातोडा उचलला आणि घातला. आमचं रबर चांगलं असतं. हातोडा उसळून आला आणि साहेबांच्या डाव्या अंगठ्यावर बसला. साहेबांनी कारखाना डोक्यावर घेतला. अंगठा ताटलीत एकदा थरथरला आणि होता तसा झाला. शेवटी ताईनं मोठी कात्री आणली. अंगठ्याचे तीन तुकडे झाले: एक संरक्षणाच्या फायलीत, एक अंतराळाच्या, एक आमच्या. तीन सह्या झाल्या. साहेबांचा अंगठा टरारून सुजला होता. कागद धरता येईना, सही वाकडी आली.

जाता जाता पांढरे साहेब मिस्त्रींजवळ थांबले, त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “सांभाळा.” मग घाईनं बाहेर गेले. पाहिलेलं कागदावर यायच्या आत.

आता सगळं सुरळीत आहे. फक्त यंत्र चालत नाही. त्याच्या लोखंडी हातातून तेल गळतं, कारण आतली वायसर गेली आहे. ती बत्तीसची आहे. आमची चपखल बसेल. पण चाचणी न झालेली वायसर सरकारी यंत्रात बसवता येत नाही, आणि चाचणी तर त्याच यंत्रावर करायची आहे. यावर समिती नेमली आहे. तोवर आम्ही यंत्रावर रोज फडकं मारतो, मालावर यंत्राचे शिक्के मारतो, आणि मिस्त्री मागच्या खोलीत बसून कागदोपत्री नसलेल्या अंगठ्यानं प्रत्येक वायसर दाबतात. परवाच ते निवृत्तिवेतनाच्या कचेरीत हयातीचा दाखला द्यायला गेले, तर तिथल्या ठसे घेणाऱ्या यंत्रानं त्यांचा अंगठा ओळखला आणि लगेच लाल दिवा लावला: ‘सदर अंगठा नष्ट.’ कारकून म्हणाला, तुम्ही जिवंत आहात यावर माझा विश्वास आहे, पण अंगठ्याचा दाखला आणा. ताई त्यासाठी अर्ज करते आहे. खरा खरा.

गेल्या महिन्यात अग्निबाण उडाला. गळला नाही. आदल्या आठवड्यात संचलनात तोफ कडाडली. तीही गळली नाही. दोन्हींत आमच्याच वायसर, एकाच घाण्यातल्या. आम्ही कारखान्यात टीव्हीवर बघितलं. मंत्री म्हणाले की हे परदेशी यंत्राचं यश आहे, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्या असतील. वाजवा, त्याला अंगठा लागत नाही.

मी चिडलो. मिस्त्रींना म्हणालो, “वर्षाला दोनदा पैसा इकडचा तिकडे होतो, माणसं भरडली जातात, आणि लोकांना काहीच कसं होत नाही हो?”

मिस्त्री एक वायसर दाबत होते. मान वर न करता म्हणाले, “मालक, माल चांगला आहे.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं, ते वायसरबद्दल बोलत नव्हते. म्हणून आता तुम्हाला एकच विचारतो. मागच्या अंदाजपत्रकात तुमच्याकडून काय काढून घेतलं होतं, आणि त्या दिवशी तुम्ही घरात बसून कुणाला काय काय शिव्या घातल्या होत्या, ते जरा आठवा बघू.

एक.

दोन.

तीन.

पास.